वस्तीतल्या बायकांना शिकवून आरोग्याचं संशोधन खरंच होतं का, की त्या फक्त फॉर्म भरतात?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात लोकमान्यनगरच्या वस्तीत असं काम सुरू करायचंय, पण दहावी-बारावी शिकलेल्या बायका संशोधनात 'भागीदार' कशा होणार ते कळत नाही. मी स्वतः त्यातलीच. नवी मुंबईत, दिघ्यात इलठणपाड्याच्या बाजूला राहते, बारावी झालेय. एका संस्थेने बीपीच्या पाहणीसाठी आम्हा नऊ जणींना तयार केलं, तेव्हा पहिला महिनाभर आम्ही खरोखर फॉर्मच भरत होतो. तेव्हा तुमची शंका काही चुकीची नाही.

गाडी अडली ती एका प्रश्नावर. 'डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घेता का?' जिला विचारावं ती म्हणायची, "हो, चालू आहेत." आमच्यातली एक म्हणाली, मॅडम, माझी सासूपण असंच सांगते, पाकीट बघायला मागा. मग आम्ही पाकीट मागायला लागलो. कुणाचं डाळीच्या डब्यामागे, कुणाचं देव्हाऱ्याच्या खणात. एका काकूंच्या पाकिटात पंधरापैकी अकरा गोळ्या तशाच होत्या आणि सोबतची चिठ्ठी दिवाळीच्या आधीची. "डोकं जड झालं की घेते गं," म्हणाल्या. बीपी वाढलेला असला तरी डोकं दुखेलच असं नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढचा रकाना होता, 'नियमित न घेण्याचं कारण'. त्यात तीन पर्याय छापलेले: अज्ञान, दुर्लक्ष, खर्च. आता गोळ्या फुकट मिळतात, पण सकाळच्या ओपीडीत. आणि सकाळी या बायका ऐरोलीच्या बिल्डिंगांमध्ये चार-चार घरची भांडी घासत असतात. रांगेत उभं राहायचं तर खाडा पडतो, खाडा पडला की पगार कापतात. याला दुर्लक्ष म्हणायचं? आम्ही भांडून चौथा पर्याय घालून घेतला: 'खाडा पडतो'. सगळ्यात जास्त खुणा तिथेच पडल्या. मी याला भागीदारी म्हणते.

आपल्या महाराष्ट्रात हे नवीन नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970पासून गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर लिहिता-वाचता न येणाऱ्या सुइणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन केलं. तिथल्या 39 गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले आणि 1999मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी संशोधनाच्या मासिकात छापून आलं.

शिकवायचं काय? यंत्र लावणं सोपं आहे. पाच मिनिटं बसवायचं, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा, बोलू द्यायचं नाही (हे सगळ्यात अवघड), आणि दोनदा मोजायचं. आम्हाला वेळ लागला तो 'नाही म्हटलंत तरी चालेल' हे मनापासून म्हणायला. ओळखीच्या घरी 'नाही' ऐकलं की राग येतो हो.

दुसरी पंचाईत म्हणजे आम्ही शेजारीण. नळावर भेटणाऱ्या बाईला कोण सांगेल की मला टीबी होऊन गेलाय? म्हणून गल्ल्या बदलून घेतल्या; आपल्या गल्लीत आपण जायचं नाही. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर; नावांची वही संस्थेच्या कुलपात. तरीही एकदा आमच्यातलीच एक हळदीकुंकवात बोलून गेली. तिला काढलं नाही, पण त्या घरी जाऊन माफी मागायला लावली.

मानधन मात्र घरकामाच्या रोजापेक्षा कमी ठेवू नका. 'समाजसेवा आहे' म्हणाल तर चांगल्या बायका दुसऱ्या आठवड्यात गळतील. निष्कर्षही आधी वस्तीत सांगा, मग बाहेर. आमच्याकडे याआधी येऊन माहिती घेऊन गेलेले परत फिरकलेच नव्हते, त्यामुळे अर्धी दारं आमच्यासाठी उघडायलाच तयार नव्हती.

आणि बायकांना बोलवायचं ते फॉर्म छापायच्या आधी. आमचे सगळे छापून झाले होते, त्यामुळे 'खाडा पडतो' हे शेवटच्या घरापर्यंत आम्ही प्रत्येक फॉर्मवर पेनानेच लिहीत गेलो.