नातवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना आवडतील अशी मराठी पुस्तकं कोणती?

परभणीत आमच्या घरी आठ ते शहात्तर वयाची माणसं आहेत, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

आधी रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या. १९७१ची, आटोपशीर कादंबरी. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको सांगते, तीही आपल्याच बोलीत. आमची आई एरवी पेपरच्या पुढं जात नाही. तिला पहिली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवली, तर पाचव्याला तिनं चष्मा मागितला अन् पुस्तक हातातून काढून घेतलं. संध्याकाळचा चहा त्या दिवशी मीच केला.

लहानांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पोरगं नुकतंच वाचायला लागलं असेल, तर ‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाच्या मराठी अनुवादाचं एकेक प्रकरण झोपताना तुम्हीच वाचा, आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा म्हटल्यावर ते दुसऱ्या दिवशी आपणहून पुस्तक घेऊन येतं. कॉलेजातल्यांना आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह द्या. लेखक परभणीचेच, २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे.

‘मृत्युंजय’ सगळेच सुचवतात. चांगली आहे, पण ठोकळा बघूनच आमची मंडळी पळाली.