आधी ऊब, मग पाणी, मग अन्न: आजारी मांजर घरी आणलेल्यांचे प्रश्न

मरायला टेकलेलं मांजर उचलून आणणाऱ्यांच्या पत्रांत मायेला तोटा नसतो. गडबड होते ती घाईने. पोटभर खाणं, आंघोळ, जंताचं औषध, लस, घरातल्या मांजराशी ओळख, सगळं पहिल्या दोन दिवसांत उरकायचं असतं. ही बहुतेक कामं करायचीच असतात, पण त्या दिवशी नव्हे. या वेळचे प्रश्न बहुतांशी याच घाईतून आलेले आहेत.

प्रश्न: जिन्याखाली एक मांजर सापडलं, नुसती हाडं राहिली होती. घरी आणून वाटीभर खाऊ घातलं, अधाशासारखं खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली, पायांवर उभंच राहीना. दवाखान्यात ठेवल्यावर आता सावरलंय. अन्न बाधलं का? आणि यापुढे किती द्यायचं?

अन्न खराब नव्हतं, जास्त झालं. बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असतं. अशात एकदम भरपूर खाणं आलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते उरत नाही. मग स्नायू लुळे पडतात, मान खाली झुकते, तांबड्या पेशी फुटू लागतात, हृदयाचे ठोके बिघडतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि तो खाणं सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच दिसतो. उपाशी जीव खायला लागल्यावर मरतो हे पटायला जड जातं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता प्रमाण. 2 किलोच्या मांजराला निवांत पडून राहायला दिवसाला साधारण 120 कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव भाग, म्हणजे 30 कॅलरी. ओल्या तयार खाद्याच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने एक कॅलरी असते, तेव्हा दिवसभरात 30 ग्रॅम, तेही पाच-सहा वेळा विभागून. दर वेळी चहाचा एक चमचा! मांजर ताटली चाटून तुमच्याकडे बघत बसेल, बघू द्या. चार-पाच दिवसांत हळूहळू पूर्ण प्रमाणावर या. या काळात रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम तपासून घ्या. तुमच्या मांजराला एकदा त्रास झालेला असल्याने वाढीचा वेग तुमचे डॉक्टर त्या अहवालावरूनच ठरवतील.

अन्नाच्याही आधी ऊब. मांजराचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सियस असतं. अंग गार लागत असेल तर आतडी नीट हलत नाहीत आणि घातलेलं अन्न तसंच पडून राहतं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. नकोशी झाल्यास मांजराला दूर सरकता आलं पाहिजे. पाणी कमी झालंय का, हे बघायला लोक मानेची कातडी चिमटीत धरतात, पण हडकलेल्या किंवा म्हाताऱ्या मांजरात ती एरवीही हळूच खाली बसते. त्यापेक्षा हिरडीला बोट लावा. ती ओलसर, बुळबुळीत हवी, चिकट किंवा कोरडी नको. आणि दूध देऊ नका, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब झाले की होतं नव्हतं तेवढं पाणीही जातं.

प्रश्न: पिल्लू चार महिन्यांचं असेल. डोळे चिकटलेत, नाक वाहतंय, सारखं शिंकतं. दोन दिवस तोंडात काही घेतलेलं नाही. घरात माणसांसाठी आणलेले डोळ्यांचे थेंब आहेत, ते घालू का? सिरिंजने भरवू का?

थेंब घालू नका. माणसांच्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. मांजरांची ही सर्दी बहुधा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूची असते. हर्पिसने बुबुळावर जखम झाली असेल तर स्टेरॉइडने ती चिघळते, डोळा कायमचा जाऊ शकतो. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापण्यांवर मिनिटभर धरा, खपली मऊ झाली की आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे.

खाणं बंद होण्याचं मोठं कारण नाक. मांजर वासावर खातं, वास आला नाही तर समोरचं अन्न त्याच्या लेखी अन्नच नाही. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावा आणि पिल्लाला घेऊन दहा मिनिटं त्या वाफेत बसा. नाक पुसा आणि वासाचं, किंचित कोमट केलेलं खाणं लगेच पुढे करा. तोंडात फोड असतील तर मात्र वास येऊनही ते खाणार नाही. तेव्हा वेदनाशामक लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं.

सिरिंजबद्दल माझं मत जरा कडक आहे. चाटून घेत असेल तर थेंब थेंब द्या. मान धरून घशात ढकलायची वेळ आली की थांबा, कारण अन्न श्वासनलिकेत जातं, आणि गेलं नाही तरी त्या खाण्याचा कायमचा तिटकारा बसतो. दोन दिवस म्हणजे थांबायची हद्द झाली. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचत जाते, मोठ्या आणि लठ्ठ मांजरात तर तीन-चार दिवसांतच. लहान पिल्लांची साखर त्याआधीच घसरते. दवाखान्यात नळी घालून भरवायचं सुचवलं तर घाबरू नका. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजराला रोजच्या झटापटीपेक्षा ते सुसह्य असतं.

डॉक्सिसायक्लिनची गोळी मिळाली तर एक लक्षात ठेवा. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते आणि नळी आकसते. गोळीमागे सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा घासभर ओलं खाणं गेलंच पाहिजे.

प्रश्न: अंगभर पिसवा आहेत. आज आंघोळ घालावी म्हणते. घरात कुत्र्याचं पिसवांचं औषध आहे, त्यातलं थोडं चालेल? तापासाठी पॅरासिटामॉलची पाव गोळी?

तिन्हींना नाही.

कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. पॅरासिटामॉल मोडायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. एक गोळी जीव घ्यायला पुरते, पाव गोळीचाही भरवसा धरू नका. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा, उतारा आहे पण तो लवकर मिळायला हवा. आंघोळीने अशक्त मांजर गारठतं. बारीक दातांची फणी घ्या, प्रत्येक फटकाऱ्यानंतर साबणाच्या पाण्यात बुडवा. पिसवांमुळे लहान पिल्लं रक्त कमी होऊन मरतात, तेव्हा हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर फणीत वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. मांजरांसाठीचं, वजनाप्रमाणे मोजून दिलेलं औषध मिळालं की प्रश्न मिटतो. पिसवा गिळल्याने पट्टकृमीही होतात, त्यामुळे जंताच्या औषधाचं त्याच भेटीत विचारा.

प्रश्न: घरी आमचं एक मांजर आहे. नवीन आलेल्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, पण दोघं दारापाशी रडतात. कधी एकत्र आणू?

किमान दोन आठवडे थांबा आणि ल्युकेमिया (मांजरांचा रक्ताचा कर्करोग घडवू शकणारा) व एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा) या विषाणूंची चाचणी झाल्याशिवाय दार उघडू नका. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि वाटीतूनही जातो, एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून. ताज्या संसर्गात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर एक-दोन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात, ते टाळू नका. उलट, आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे सहा महिन्यांखालच्या पिल्लाची एफआयव्ही चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून पिल्लाला निकालात काढू नका.

सगळ्यात चिवट पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. फरशी आधी धुऊन घरगुती ब्लीचचा 1 भाग 32 भाग पाण्यात घालून दहा मिनिटं राहू द्या, वाळल्यावरच मांजर आत सोडा. तुमच्या मांजराच्या लसी पूर्ण आहेत ना, ते आजच बघा. नव्याच्या अंगावर केस गळून गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो आणि तो तुम्हालाही होऊ शकतो.

प्रश्न: औषध देताना बोटाला दात लागला. लहानशीच जखम आहे.

वाचणं थांबवा आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. मग आजच माणसांच्या डॉक्टरांकडे. अनोळखी आजारी मांजराच्या चाव्याने रेबीजची शक्यता सोडून देता येत नाही आणि तो झाल्यावर उपाय नाही. मांजराचे दात सुईसारखे असतात, वर ठिपका दिसतो आणि आत पू होतो.

प्रश्न: बोका म्हातारा आहे. भुकेने वाटीकडे धावतो, एक घास घेतो आणि किंचाळून पळतो. लाळ गळते. डॉक्टर म्हणतात जवळपास सगळे दात काढा. हे क्रूर नाही का? दात नसताना खाणार काय?

वर्णनावरून हिरड्यांचा आणि तोंडाच्या आतल्या भागाचा जुनाट दाह वाटतो, त्यात दातांवरच्या थराविरुद्ध शरीर भडकून उठतं. दात राहतात तोवर आग राहते. स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं, मग पुन्हा तेच. दात काढल्यावर बहुसंख्य मांजरं पुष्कळ सुधारतात, काहींना पुढेही औषध लागतं, हे आधीच माहीत असू द्या. आणि खातात! बिनदातांची मांजरं ओलं खाणं तर खातातच, काही कोरडे दाणेही गिळतात. मांजर दाढेने रवंथ करत नाही, तुकडे करून गिळतं. मुळांचे तुकडे मागे राहिले की दाह चालू राहतो, म्हणून आधी आणि नंतर एक्स-रे काढणार का, एवढं मात्र विचारा. वय झालंय म्हणून भुलीआधी मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही हवी.

प्रश्न: आठवडा झाला, पलंगाखालून बाहेरच येत नाही. ओढून काढू का?

नको. पलंगाखालची जागा बंद करून त्याऐवजी आडवं खोकं द्या, लपायला मिळालेलं मांजर लवकर रुळतं. तुम्ही जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावू नका. डोळे अर्धवट मिटून हळू उघडझाप करा. 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तपासलं, तेव्हा अशी उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त जात होती. लपलेलं मांजर रात्री खातंय आणि ट्रे ओला करतंय तोवर धीर धरा. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही पडत नाहीये, तर मात्र त्याच तासाला उचलून न्या. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

प्रश्न: तीन महिन्यांत वजन भरलं, कांती आली. आता रात्रभर ओरडते, लोळते. पुन्हा आजारी आहे का?

माजावर आली आहे, म्हणजे तब्येत सुधारलीये. दारं-खिडक्या बंद ठेवा, कारण दोनेक महिन्यांत पिल्लं होतील आणि ती पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. लसी राहिल्या असतील तर त्या घ्या आणि नसबंदीची वेळ ठरवा. त्या भेटीत मायक्रोचिप आहे का तेही स्कॅन करून बघायला सांगा, हरवलेली मांजरीही अशीच हडकते. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं हे मात्र नेमकं विचारून घ्या, अंदाजाने रात्रभर वाटी उचलून ठेवू नका.