सांधे मोजू नका, सांधे वाकवून बघा

प्रश्न : सुपरहिरोंच्या ॲक्शन फिगरच्या, म्हणजे सांधे हलवता येणाऱ्या छोट्या बाहुलीच्या खोक्यावर 'तीसहून अधिक सांधे' असं छापलेलं असतं. जास्त सांधे म्हणजे फिगर जास्त चांगली का?

नाही. हा आकडा फुगवायला सोपा असतो. मनगट फिरतं आणि वाकतंही, मग दोन सांधे मोजले. त्यापेक्षा कोपर वाकवा. एकेरी बिजागरी साधारण 90 अंशांवर अडते, दुहेरी असली तर मूठ खांद्यापर्यंत पोचते. स्पायडर-मॅनला दुहेरी सांधे हवेतच, कारण त्याची अर्धी ओळख उकिडवं बसण्यात आहे. हल्कच्या जाडजूड दंडात मात्र तीच रचना घातली की कोपराशी चकती उघडी पडते आणि स्नायूंची सलग रेषा तुटते. तिथे कमी वाकणारा पण झाकलेला सांधा आम्ही पसंत करू.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे घोटा. फिगरचे पाय फाकवा. घोटा आडवा कलत नसेल तर तळव्याची बाहेरची कड वर उचललेली राहते, फिगर आतल्या कडेवर उभी राहते आणि हलक्या धक्क्यानेही पडते. घोटा चांगला नसेल तर बाकीचे सांधे असून नसल्यासारखे.

प्रश्न : डिझाइन मन लावून केलंय की उरकलंय, हे कसं ओळखायचं?

आधी उंची मोजा. सहा इंची फिगर म्हणजे ढोबळमानाने 1:12 प्रमाण. सहा फुटी नायक त्यात सुमारे 15 सेंटिमीटरचा होतो. कॉमिक्समधला वुल्व्हरीन 5 फूट 3 इंचांचा, म्हणजे तो 13 सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. तो कॅप्टन अमेरिकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत असेल, तर बहुधा एकच धड सगळ्यांना वापरलंय. धडाचा साचा महाग असल्यामुळे डोकं आणि पट्टा बदलून त्यातून पाच-सहा पात्रं काढणं नेहमीचंच, आणि पात्राला शोभत असेल तर त्यात वावगं काही नाही. हातमोजे आणि बूट मात्र नखाने चाचपून बघा. कड घडवलेली नसून नुसता रंग बदलला असेल, तर तिथे काटकसर झाली आहे.

प्रश्न : एकाच फिगरच्या दोन नगांचे चेहरे वेगळे का दिसतात?

डोळे बहुतेकदा मऊ सिलिकॉनच्या गादीने शिक्क्यासारखे उमटवतात. प्रत्येक रंगाचा शिक्का वेगळा. त्यातला एक अर्धा मिलिमीटर सरकला तरी नायक तिरळा होतो. म्हणून शक्य असेल तर तीन-चार खोकी शेजारी ठेवून निवडा. आधी डोळे, मग मुखवट्याची कड, मग छातीवरचं चिन्ह.

चेहऱ्याचा रंग मानेशी जुळत नसेल, तर कारण प्लॅस्टिकमध्ये असू शकतं. टणक एबीएस आणि मऊ पीव्हीसी एकाच छटेत रंगवलेले असले तरी उजेडात वेगळे दिसतात. दोष खरा, पण घरी दुरुस्त होणारा नव्हे.

प्रश्न : नव्या फिगरचा गुडघा हलतच नाही. जोर लावू का?

मुळीच नको. सांध्यात रंग झिरपून वाळला की तो चिकटतो. जोर लावलात तर मऊ खुंटी पिळवटते आणि गुडघा जागचा हलत नाही. प्लॅस्टिकवर पांढरी रेघ दिसली की लगेच थांबा, पुढची पायरी तुटण्याची.

उकळलेलं पाणी दोन-तीन मिनिटं निवू द्या. फक्त गुडघा 30 ते 60 सेकंद बुडवा. सांध्याच्या अगदी जवळ, वर आणि खाली धरून थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. पाऊल धरून ओढू नका, घोटा हातात येईल. नाही सुटला तर पुन्हा बुडवा. सुटल्यावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. यंत्राचं तेल टाळा, त्याने ताणाखालच्या एबीएसला तडे जाऊ शकतात. फिगरमध्ये दिवे किंवा कापडी पोशाख असेल तर गरम पाण्याचा नाद सोडा.

वाकडी तलवार किंवा काठीही याच पाण्यात सरळ होते. सरळ धरूनच गार पाण्यात बुडवली नाही, तर ती पुन्हा वाकते.

प्रश्न : केप असलेली फिगर सारखी मागे पडते.

भरीव पीव्हीसीची केप जड असते. कंबर जरा पुढे झुकवा, एक पाय मागे घ्या. तरीही पडत असेल तर तळव्याच्या भोकात बसणारं स्टँड वापरा. कडेत तार घातलेली कापडी केप हलकी असते आणि वाऱ्यावर उडताना दाखवता येते. शिवण जाड असेल तर मात्र ती पडद्यासारखी लोंबते.

प्रश्न : जुनी फिगर चिकट लागते. ती खराब झाली का?

पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर येतंय. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण यांनी धुवा, पूर्ण वाळवा आणि बंद पिशवीत ठेवू नका. चिकटपणा काही महिन्यांनी परत येऊ शकतो, आला तर पुन्हा धुवा. ऊन आणि उष्णता टाळलीत तर हे धुणं क्वचितच लागेल. अशी फिगर पॉलिस्टायरीनच्या स्टँडवर वर्षानुवर्षं उभी ठेवू नका, तेच द्रव्य स्टँड विरघळवतं आणि बुटांचे ठसे त्यात रुततात.