मुस्लिमांच्या मनात ख्रिश्चनांबद्दल अढी दिसते, ती क्रुसेडमुळेच का?

थोडीफार. क्रुसेड म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपच्या ख्रिश्चनांनी मुस्लिमांशी केलेली धर्मयुद्धं. पण नऊशे वर्षं उरात जपलेली जखम वगैरे काही नाही. मी मुस्लिम आहे आणि नेमक्या याच मुद्द्यावरून माझं चुलतभावाशी वाजलंय, म्हणून लिहितो.

2003 मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा मी हॉस्टेलला होतो. रूममेट ख्रिश्चन. भाईजान, म्हणजे तोच चुलतभाऊ, मला भेटायला आले, त्यानं उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. भाईजाननी तो बोटानं बाजूला सारला. म्हणाले, "सलीबीच्या हातचं नको." त्यानं ग्लास उचलून परत ठेवला. रात्री दिवा घालवल्यावर विचारलं, "सलीबी म्हणजे काय रे?"

"काही नाही. झोप," म्हणालो. सलीब म्हणजे क्रूस, सलीबी म्हणजे क्रुसेडवाला, एवढं मला ठाऊक होतं. सांगायची लाज वाटली.

अहले किताबचं, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांचं, अन्न हलाल असल्याचं कुराणातच आहे (5:5). म्हणजे ग्लास नाकारण्यात धर्म नव्हताच. मग काय होतं? ते शोधायला मी पुढे बरंच वाचलं. 1099 मध्ये जेरुसलेम पडलं, मुस्लिमांची आणि ज्यूंची कत्तल झाली, हे खरं. पण तेव्हाचे अरब इतिहासकार हल्लेखोरांना बहुतेक करून 'फिरंज' म्हणतात, म्हणजे फ्रँक. आपला 'फिरंगी' त्यातलाच. 1187 मध्ये सुलतान सलाहुद्दीननं शहर परत घेतलं. जिंकलेल्या लढाईचा सल कोण शतकानुशतकं धरून बसतं? 'सलीबी युद्धं' हे नाव अरबीत रुळलं ते 19व्या शतकात, युरोपीय इतिहास भाषांतरित होऊ लागल्यावर. आणि तोच काळ होता फ्रान्सनं अल्जीरिया (1830) आणि ब्रिटननं इजिप्त (1882) घशात घालण्याचा. पहिल्या महायुद्धानंतर सीरिया, इराक, पॅलेस्टाइनही गेले. दुखणं हे आहे, नाव तेवढं जुनं. त्यात सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश स्वतःच 'क्रुसेड' म्हणून गेले. भाईजानना आयता पुरावा मिळाला.

त्यांना मी नेहमी अमीर अब्दुल कादिरची गोष्ट सांगतो. अल्जीरियात हा माणूस पंधरा वर्षं फ्रेंचांशी लढला, 1847 मध्ये शरण गेला, कैदेत राहिला. ख्रिश्चनांचा राग धरायचा हक्क त्याच्याइतका कुणाला होता? 1860 मध्ये दमास्कसमध्ये ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली तेव्हा त्यानंच आपल्या माणसांना गल्ल्यागल्ल्यांत पाठवून हजारोंना वाचवलं. भाईजान म्हणतात, एखादा असतो असा. मी म्हणतो, मग वाईट वागणारा ख्रिश्चन एखादा का नसतो?

हेही सांगायला हवं, की ती कत्तल करणारे मुस्लिमच होते. जिझिया, दुय्यम दर्जा, हा ख्रिश्चनांच्या बाजूचा इतिहासही खरा आहे. आणि इंडोनेशियातल्या मुस्लिमाला तिथे राज्य केलेले डच आठवतील, सलाहुद्दीन नाही. त्यामुळे माझं उत्तर सगळ्यांना लावू नका.

2014 मध्ये इराकमधल्या मोसुलचे फोटो आले. इसिसनं ख्रिश्चनांच्या घरांवर 'नून' हे अक्षर रंगवलं होतं, 'नसारा' म्हणजे ख्रिश्चन, त्यातला नून. ही माणसं पहिल्या क्रुसेडच्या कित्येक शतकं आधीपासून तिथली. फिरंज्यांशी त्यांचा संबंध काय? ते अक्षर बघितलं आणि अकरा वर्षांनी रूममेटला फोन लावला. सलीबी म्हणजे काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मी दुसऱ्याच दिवशी लायब्ररीत बघितलं होतं. तू कधी सांगतोस, एवढंच राहिलं होतं."

भाईजानना हे अजून सांगितलेलं नाही. ते इथे वाचतात.