चकमकीनंतर भाऊ सुट्टीवर आलाय, रात्रभर जागतो. हा पीटीएसडी आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांपूर्वी काश्मीरमधल्या चकमकीत भावाचा सोबती गेला. आता भाऊ परळच्या घरी सुट्टीवर आहे, झोपत नाही, फटाका वाजला की दचकतो, काही विचारलं की चिडतो. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, निवृत्तीनंतर कांदिवलीत राहतो. असे जवान जवळून पाहिलेत, म्हणून लिहितो.

लगेच पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचा, शिक्का मारू नका. लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि त्यांनी रोजचं जगणं अडवलं, तरच डॉक्टर ते निदान करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं अनेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू निवळतं. माझ्या ओळखीचा एक जवान सुट्टीत लोकलमध्ये जागा रिकामी असूनही पत्र्याला पाठ लावून, दोन्ही दारं दिसतील असा उभा राहायचा. तिकडे ज्या सावधपणामुळे तो जिवंत राहिला, तो इथे आल्याबरोबर कसा सुटणार?

एक कळकळीची विनंती. "काय झालं ते सगळं सांग, मन मोकळं होईल" असा आग्रह धरू नका. पूर्वी प्रसंगानंतर लगेच जवानांना बसवून सगळं बोलतं करायची पद्धत होती. अभ्यासांत दिसलं की अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. तो आपणहून बोलला तर मध्ये न बोलता ऐका. पलटणीतल्या मित्रांशी फोनवर बोलत असेल तर बोलू द्या, तिथे त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या महायुद्धातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं की खचलेल्या सैनिकाला दूरच्या इस्पितळात पाठवण्यापेक्षा आघाडीजवळच, लगेच, झोप, गरम जेवण आणि "तू बरा होऊन परत जाशील" हा विश्वास दिला, तर तो लवकर सावरतो. आजही अर्धं काम पलटणीतच होतं. जोडीदार लक्ष ठेवतो, जेसीओ साहेब (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) पाळीने विश्रांती देतात, सुट्टी वेळेवर मिळते. तुमच्या घरी झोपेची काळजी आधी घ्या. कॅन्टीनच्या रमने डोळा लागतो, पण झोप मोडते. शेजाऱ्यांकडची अल्प्राझोलमची (घबराट कमी करून गुंगी आणणारी) गोळी तर नकोच, तिची सवय लागते आणि पीटीएसडी टळत नाही.

महिना उलटूनही फरक नसेल तर कुलाब्याच्या अश्विनी इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ते नौदलाचं असलं तरी तिथे तिन्ही दलांचे जवान येतात. त्या प्रसंगावरच टप्प्याटप्प्याने काम करणारे समुपदेशनाचे उपचार आहेत, गरज पडली तर सर्ट्रालिनसारखी औषधंही आहेत, आणि त्यांनी माणसं बरी होतात. "कॅटेगरी लागेल", म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत दर्जा खाली येईल, ही त्याची भीती खरी आहे, बढतीवर परिणाम होऊ शकतो. पण कॅटेगरी तात्पुरती असू शकते, पुन्हा तपासणी होऊन ती वरही जाते. त्रास लपवून हातात रायफल घेऊन पहाऱ्यावर उभं राहणं त्याच्यासाठी आणि सोबत्यांसाठी जास्त धोक्याचं आहे, हे त्याला स्पष्ट सांगा.

मरणाची भाषा आली तर महिन्याची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि त्याला झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका. पायांच्या बाजूला थोडं लांब उभं राहून नावाने हाक मारा. घरातल्या लहान मुलांनाही हे आजच सांगून ठेवा.