पेंट सुटला, बिल अडकलं

प्रश्न: तळोजा एमआयडीसीत माझं छोटं ब्लास्टिंग यार्ड (हवेच्या दाबाने खडे मारून लोखंड साफ करण्याची जागा) आहे. जुलैमध्ये एका फॅब्रिकेटरच्या टाकीच्या प्लेट्स कॉपर स्लॅगने (तांबं गाळून उरलेल्या मळीच्या खड्यांनी) एसए अडीचपर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण गंजमुक्त होईपर्यंत, ब्लास्ट करून दिल्या. त्यांच्या इन्स्पेक्टरने डिलिव्हरी चलनावर सही केली. प्रायमर (पेंटचा पहिला थर) त्यांच्याच माणसांनी त्यांच्या शेडमध्ये मारला. नोव्हेंबरमध्ये पेंटला फोड आले म्हणून डेबिट नोट (नुकसानीची रक्कम माझ्या नावे टाकल्याचा कागद) पाठवून माझं ३ लाख ४० हजारांचं बिल अडवलंय. त्या वेळी मी व्हॉट्सॲपवर ‘बघून घेऊ, पुढच्या बिलात ॲडजस्ट करू’ असं लिहून बसलोय. आमच्या बिलावर ‘सँडब्लास्टिंग’ छापलेलं असतं. काय करू?

उत्तर: डेबिट नोट म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. नुकसान तुमच्यामुळेच झालं हे त्यांनी सिद्ध करायचं असतं. ते होईपर्यंत तो नुसता दावा आहे.

तुमचं खरं भांडवल ते चलन. त्यावर सहीसोबत तारीख आणि वेळ आहे का, बघा. पावसाळ्यात ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड काही तासांतच गंजाची झाक धरतं, म्हणूनच बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये प्रायमर चार तासांत मारायला सांगतात आणि प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ पाणी होऊन साचते त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंश वर लागतं. प्लेट्स सकाळी तुमच्या गेटबाहेर पडल्या आणि प्रायमर दुसऱ्या दिवशी लागला असेल, तर जाब त्यांनी द्यायचा. त्यांचं पेंटिंग रजिस्टर लेखी मागा. तुमच्या रेप्लिका टेपच्या (पृष्ठभागाचा ठसा घेणाऱ्या टेपच्या) पट्ट्या जपून ठेवा. त्या पट्ट्यांनी ब्लास्टिंगनंतरचा खडबडीतपणा सिद्ध होतो. पण पृष्ठभागावर क्षार नव्हते हे त्या पट्ट्या सांगत नाहीत, आणि फोडांमागे अनेकदा क्षारच असतात. क्षारांची चाचणी केली नसेल तर ही तुमची कच्ची बाजू, समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल.

तुमचा तो व्हॉट्सॲप मेसेज तुम्हाला जड जाईल. डिलीट करू नका, पण याच आठवड्यात डेबिट नोट अमान्य असल्याचं ईमेलने कळवा.

वसुलीसाठी एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) वापरा. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारलं असं धरून पैशांची मुदत सुरू होते. ऑर्डरमध्ये ९० दिवस लिहिले असले तरी ४५ दिवसांपुढे मुदत जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मात्र यामुळे दोषाबद्दलचा त्यांचा दावा बुडत नाही. सुविधा परिषदेपुढे (या कायद्याखालचे थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळापुढे) ते प्रतिदावा करू शकतात. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना तो कोर्टात रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तडजोडीला माणसं बहुधा इथेच तयार होतात.

दोन अडथळे येऊ शकतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) या ऑर्डरच्या आधीची नसेल, तर त्यावर आक्षेप येऊ शकतो. आणि ऑर्डरमध्ये साइटवरचं पेंटिंगही तुमच्याकडे असेल, तर ‘वर्क्स काँट्रॅक्ट’ला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाला) हा कायदा लागू नाही असा आक्षेप येईल, मुंबई उच्च न्यायालयाचे तसे निकाल आहेत. नुसतं जॉबवर्क (त्यांच्या मालावर फक्त प्रक्रिया) असेल तर चिंता नको.

जाता जाता: काम कॉपर स्लॅगचं, मग बिलावर ‘सँडब्लास्टिंग’ कशाला छापता? वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. कारखाना निरीक्षकाच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं?