हरणाला तोफ कशाला?

प्रश्न : भाचा अमेरिकेत मोंटानात असतो. हरणाच्या शिकारीला आणि टार्गेटवर झाडायला लिव्हरची (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची) रायफल घेतोय. पंचेचाळीस-सत्तर (.45-70) काडतुसाची घेऊ का, विचारतोय.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पावणं, ते काडतूस १८७३ चं, अमेरिकी लष्करासाठी काढलेलं. एल्कसारख्या थोराड हरणाला, अस्वलाला ठीक. पण दणका! आजोबांची बाराबोअर बंदूक चारदा झाडली की मी रात्री खांदा शेकत बसायचो. ही रायफलही काही कमी नाही. तीस-तीस (.30-30) ह्या हलक्या काडतुसाची घे म्हणावं, हरणाला पुष्कळ झाली. एक मात्र बजावा : असल्या रायफलीत काडतुसं साठवायच्या नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, ती एकामागं एक बसतात. टोकदार कडक गोळी पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाच्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर) टेकते, धक्क्यानं आतच बार उडू शकतो. चपट्या नाकाचीच भरायची. आणि सुट्टीला आला की राधानगरीत गवा फक्त बघायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.